मुक्कामी पाणी

४ एप्रिल (छापलेला वार मंगळवार, खरा शनिवार)

मी काशम्मा. डायरी माझी, अक्षर सुनेचं. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, सहीला अंगठा. बोलता येतं. गल्लीत कुणालाही विचारा, गरजेपेक्षा जास्त येतं.

ही डायरी तीन वर्षांमागची. माझा मुलगा महेश्वर चादरीच्या दुकानात कामाला आहे, तिथं मालकानं दिली होती. कोरीच राहिली. परवा कपाट आवरताना तो म्हणाला, रद्दीत टाक. तर सून शिवलीलानं ती अशी छातीशी धरली, जसा काही तो तिचं मंगळसूत्र रद्दीत टाकत होता. म्हणाली, "एवढा कोरा कागद. आणि आत्या तुम्ही दिवसभर बोलता ते हवेतच जातं. तुम्ही सांगा, मी लिहिते." म्हणजे घरात कागद वाया जात होता आणि माझं तोंड वाया जात होतं. बाईनं दोन्ही एका फटक्यात वाचवले.

ही अशीच आहे. आमच्या घरात चादर फाटते पण मरत नाही. चादरीची पिशवी होते, पिशवीचं पायपुसणं होतं, पायपुसणं विटलं की माझ्या पाठीमागं भिंतीला टेकू होतं. इडली आणायला डबा घेऊन जाते. इडलीवाला हिला लांबून बघितलं की म्हणतो, "आल्या बघा डबेवाल्या ताई." लोक हसतात. मीही हसते, घरातली असून. पण एक गोष्ट मानते. ही कुणाला शिकवत बसत नाही. स्वतः करते आणि गप राहते. गप राहणारी सून मिळाली म्हणून तर मला बोलायला जागा राहिली.

वाचून दाखव म्हटलं तेव्हा कळलं की मी "हाय" म्हणते आणि ही "आहे" लिहिते. म्हणाली, "आत्या, लिहिताना असंच लिहितात." म्हटलं लिही बाई. शहाणी दिसेन.

नात धनलक्ष्मी बाळंतपणाला आली आहे. आतल्या खोलीत पणतू रडतोय. आजचं एवढं पुरे.

८ एप्रिल

आज पाण्याचा दिवस. बाळीवेशीमागच्या आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी रीत अशी की आधी घरातलं उरलेलं पाणी ओतायचं, भांडी घासायची, मग नवं भरायचं. समोरची गोजाबाई दारात उभी राहून हाळी देते, "पाणी आलं गं, शिळं सांडा." मग घराघरातून हंडे पालथे होतात. सोलापुरात एप्रिलमध्ये नदी बघायची असेल तर आमच्या गटारीकडं या.

मी घागर कलती केली तर शिवलीलानं खालून हात लावला.

"आत्या, हे कशाला ओतता?"

"शिळं झालं की."

"कधी झालं?"

"कधी म्हणजे? नळाला आलं की झालं."

"मग सकाळी चहाला घेतलं तेव्हा?"

"तेव्हा ताजं होतं."

"आणि तुमच्या लिंगपूजेला?"

"तेव्हाबी ताजंच. देवाला शिळं कोण घालतंय?"

"म्हणजे पूजा झाली, चहा झाला, मग नळ आला, आणि हे घागरीत बसल्या जागी शिळं झालं."

मी घागर तशीच धरून उभी. सत्तर वर्षं पाणी ओतलं, पण ते नेमकं कोणत्या मिनिटाला शिळं होतं हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि तिनं चढ्या आवाजात विचारलं असतं तर मी ओतलंच असतं. तिनं असं विचारलं, जसं मीठ कुठं ठेवलंय विचारावं.

वर म्हणाली, "उजनीच्या धरणात हेच पाणी मागच्या पावसाळ्यापासून बसलंय. तिथं वर्षभर शिळं होत नाही आणि आपल्या घागरीत चार दिवसांत होतं. आपली घागर घाण आहे का आत्या?"

माझी घागर घाण? मी ती चिंचेनं घासते, तोंड दिसतं तिच्यात. मी घागर खाली ठेवली. कंबर दुखली म्हणून ठेवली, पटलं म्हणून नाही. हे ठळक लिही.

१२ एप्रिल

गोजाबाई भाजी निवडायला ओट्यावर आली. म्हणाली, "काशम्मा, तुमच्यात आता शिळं पितात म्हणं."

मी म्हटलं, "आमच्यात तुझ्या शेंगाचटणीपेक्षा ताजं पितात."

जिंकले, पण घरी येऊन तोंड कडू झालं. शिळं हा शब्दच असा आहे. एकदा चिकटला की धुऊन जात नाही.

१५ एप्रिल

शिवलीलानं माळ्यावरून माझ्या लग्नातले तांब्याचे हंडे खाली काढले. केवढी धूळ. महेश्वर म्हणाला, "मोडीत घालायला काढले काय?" ती लिंबू आणि मीठ घेऊन बसली. दुपारपर्यंत हंडे असे झाले की मला माझं लग्न आठवलं, आणि लग्नातला माझा चेहरा. हंडे बरे टिकलेत.

आता घरात पाण्याच्या बदल्या चालू आहेत, सरकारी साहेबांसारख्या. नवं पाणी गाळून पिण्याच्या हंड्यात. त्याआधी पिण्याचं उरलेलं गाळून तांब्याच्या हंड्यात, वर फडकं बांधून. तिथून ते स्वयंपाकात. तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, विसळलेलं झाडाला. अंगणातल्या डब्यातल्या बेलाला सगळ्यात शेवटी नेमणूक मिळते. एक भांडं रिकामं झालं की घासून उन्हात पालथं, डास नको म्हणून. यात एक थेंब गटारीला जात नाही. गटार आमच्या दारापुरती कोरडी. गल्लीतलं मांजर तिथं झोपायला लागलंय.

मी बसल्या जागेवरून बघते. या बाईचा हात असा चालतो, जसं पाण्याला दुखेल. हे लिहिताना तिनं पेन थांबवला. मी म्हटलं, लिही. ती म्हणाली, "माझं मीच कसं लिहू?" म्हटलं, मला लिहिता येत असतं तर तुला विचारलं असतं का?

२० एप्रिल

घरात कुरबूर. बारसं दहा मेला ठरलं. अक्कलकोटहून धनूच्या सासरची माणसं येणार, विहीणबाई भुवनेश्वरी, जावई विरेश, वर त्यांचा गोतावळा.

महेश्वर म्हणाला, थर्माकोलची ताटं आणि पाण्याच्या छोट्या बाटल्यांची खोकी सांगून टाकतो, कटकट नको. शिवलीला म्हणाली, मठातून स्टीलची ताटं-तांबे मिळतात, पाणी घरचं.

"ताटं घासणार कोण?"

"मी."

"आणि पाणी? नळ त्या दिवशी आला नाही तर?"

"साठवलेलं आहे."

मग धनू आतून बाळ घेऊन आली. तोंड एवढंसं झालेलं. "आई, तुला माहीत हाय सासूबाई कशा हायत. लग्नात आपल्या माठातलं पाणी हुंगून बाजूला ठेवलं, तर वरीसभर ऐकवलं मला. 'तुमच्याकडं शिळं देतात.' बारशाला परत असं झालं तर मला तिथं जन्मभर तेच ऐकायचं हाय. तू हितं राहशील, जायचं मला हाय."

पोरगी खोटं बोलत नव्हती. त्या गोष्टीवरून विहीणबाईंनी तिला सणाला पाठवायला खळखळ केली होती. शिवलीला तिच्याकडं बघत राहिली. लेकीला टाकून बोलली नाही आणि आपलं सोडलंही नाही. एवढंच म्हणाली, "तुझी मान खाली जाऊ देणार नाही. मला बघू दे." तिथून उठून भाकरी थापायला गेली. आज भाकरी जाड झाल्या.

दुसरी गोष्ट. पाळणा टांगायला जागा हवी म्हणून महेश्वरनं माझी खाट खिडकीजवळून उचलून बोळात नेली. मी म्हटलं, "मी शिळी झाले वाटतं. ओता मला." तो हसला आणि कामाला गेला. संध्याकाळी बघते तर शिवलीलानं खाट परत आणलेली, पाळण्याला लागून. म्हणाली, "जरा सरकलात की दोघं मावता."

२४ एप्रिल

आज पाणी आलं. गोजाबाईनं हाळी दिली, सगळ्यांनी सांडलं, आमच्या दारात मी नुसती हात बांधून उभी. तिनं चारचौघींत विचारलं, "काय काशम्मा, शिळं राखून ठेवलंस व्हय?"

माझ्या तोंडून आपसूक गेलं, "शिळं नाही गं, मुक्कामी आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे मुक्कामाला राहिलंय. तुझी बहीण वेळापूरहून येते, पंधरा-पंधरा दिवस राहते. दुसऱ्या दिवशी तिला शिळी म्हणून गटारीत ओततेस का?"

बायका पदराआड हसल्या. गोजाबाई म्हणाली, "बहिणीचं काढू नगंस हां." पण तीही हसली. सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं सांगू? आमची मुकी सून. घागर धरून भिंतीला टेकून हसत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन दोनदा म्हणाली, "मुक्कामी. आत्या, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मी म्हटलं, "न शिकलेल्या माणसाचं डोकं रिकामं असतं, तिथं जागा असते."

२९ एप्रिल

शिवलीलाचं काय चाललंय मला कळत नाही. ती समोर बसूनच हे लिहिते आहे, तरी सांगते.

रोज सकाळी मोबाईलवर उजनीत पाणी किती राहिलं ते बघते. पाणी उतरलं की सगळं सोलापूर तोंड पाडतं. ही पण पाडते, मग लगेच जेऊरच्या तिप्पण्णा मामांना फोन लावते. हळू आवाजात विचारते, "मामा, कळस दिसायला लागला का?" पलीकडून काहीतरी ऐकते आणि डोळे पुसते, आणि हसते पण. दोन्ही एकदम. धरण आटलं म्हणून हसणारी सोलापुरात ही एकटीच असेल.

मी विचारलं, "कुठल्या देवळाचा कळस बसवतायत मामा? वर्गणी मागतील, आधीच सांगते, बारसं आहे."

म्हणाली, "वर्गणी नाही हो आत्या."

"मग नवस बोललीस काय?"

"काही नाही आत्या."

आता हे ती लिहितेय आणि खाली मान घालून गालात हसतेय. लिही, लिही. मला काय, मी म्हातारी, मला कोण सांगतंय.

६ मे

रिक्षा भोंगा लावून फिरून गेली. मोठी जलवाहिनी फुटली, दुरुस्ती चालू आहे, पाणी कधी येईल ते कळवू. म्हणजे बारशाआधी येत नाही.

महेश्वर दुकानातून धावत आला. "मी आधीच सांगत होतो. आता टँकर सांगतो आणि बाटल्यांची खोकी सांगतो." टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं असतं कुणाला ठाऊक, खारट मारतं. धनू दारात उभी, झोपलेल्या बाळाला थोपटत होती. ते बोलण्यापेक्षा वाईट.

शिवलीला हंड्यांपाशी गेली. एकेका हंड्याला बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं, पाणी कुठवर आहे ते. घरातल्यांना भरपूर होतं. बारशाच्या माणसांना कमी पडत होतं. मला तिच्या पाठीवरून कळलं. मग ती वळली आणि महेश्वरला म्हणाली, "अहो, सांगा बाटल्या. लेकीपेक्षा माझं काही मोठं नाही."

आवाज अगदी साधा होता. पण बाई कधी नाही ते भिंत धरून खाली बसली.

तेव्हा मी म्हटलं, "महेश्वर, बाटल्या आणू नकोस. अजून चार दिवस आहेत."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आई, तू हिच्या बाजूला कधी गेलीस?"

"गेले नाही. कंबर दुखते, हितंच बसले, तर हिची बाजू माझ्याखाली आली."

बोलून तर बसले. पाणी कुठून आणायचं ते मला तरी कुठं माहीत?

९ मे

पाणी नाही. गल्लीत सगळ्यांची तोंडं नळासारखी कोरडी.

दुपारी गोजाबाई आली. पदराखाली काहीतरी झाकलेलं. दार लोटून घेतलं, मग पदर काढला तर कळशी. तोंडाला फडकं बांधलेली, अगदी आमच्यासारखी.

"घे. बारशाला लागंल."

"हे कुठनं आणलंस? पाणी तर नाही आलं."

इकडंतिकडं बघत म्हणाली, "मुक्कामी हाय."

मी कळशीवरचं फडकं बघत राहिले. त्याचाच तिला राग आला. "बघतीस काय? तू बहिणीचं काढलंस ना, तवापासनं सांडताना हात थांबायला लागला. वाटायचं तिलाच ओततीया."

"आणि दारात हाळी देत होतीस ती?"

"हाळी द्यायची सवय हाय. सांडलं म्हणून कुटं म्हणलं मी?"

ती गेली आणि थोड्या वेळानं कोपऱ्यावरची आली, मग वरच्या मजल्यावरची, मग जिच्याशी आमचं बोलणं नाही ती सुद्धा आली, पोराच्या हातात कळशी देऊन स्वतः लांब उभी राहिली. प्रत्येकीला वाटत होतं चोरून ठेवणारी आपण एकटीच. एकमेकींच्या कळश्या बघून बायका अशा लाजल्या, जशा सगळ्या एकाच दुकानातून एकच साडी घेऊन आल्या.

शिवलीला एकेक कळशी दोन्ही हातांनी घेत होती. आभार मानायला तिला जमत नाही. नुसतं प्रत्येकीला "बसा की, चहा घ्या" म्हणत होती, आणि चहाला पाणी मोजून टाकत होती, ते मी पाहिलं.

११ मे

काल बारसं झालं. आज हात मोकळा झाला, म्हणून लिहितेय. म्हणजे तिचा हात, माझं तोंड.

मठातली ताटं आली, गव्हाची खीर झाली, शेंगाचटणी, कडक भाकरी, सगळं झालं. अक्कलकोटची माणसं आली. विहीणबाई भुवनेश्वरी काठपदराचं इरकल नेसून, पाठ ताठ. आल्या तशा माठाकडं बघून बसल्या. शिवलीलानं तांब्या-पेला पुढं केला.

विहीणबाईंनी पेला हातात घेतला. ओठाला लावला नाही. "तुमच्याकडं पाईप फुटला म्हणून ऐकलं. मग हे ताजं हाय न्हवं? बाळंतिणीचं घर हाय, तंगळ नको." तंगळ म्हणजे कानडीत शिळं.

पाळण्याची दोरी धनूच्या हातात होती, ती थांबली. शिवलीलानं तोंड उघडलं. ती खरंच सांगणार होती, आणि एकटीनं सगळं अंगावर घेणार होती, हे मला दिसलं. म्हणून मी आधी बोलले.

"विहीणबाई, ताजं म्हणाल तर ते अजून आभाळात आहे. यायला महिना आहे. तोवर राहणार असाल तर खाट घालते. आणि हे आहे ते मुक्कामी. थोडं आमच्या हंड्यातलं, थोडं समोरच्या गोजाबाईचं, थोडं तर जिच्याशी आम्ही बोलत नाही तिचं. तुम्ही येणार म्हणून आख्ख्या गल्लीनं राखून ठेवलेलं आहे. गाळलेलं आहे, उकळलेलं आहे. शिळं एकच आहे इथं, ती मी."

कुणी हसलं नाही. विहीणबाई पेल्यात बघत राहिल्या. वाटलं, म्हातारे, तुझ्या जिभेनं पोरीचा संसार ओतलास.

तेव्हा कोपऱ्यातून तिप्पण्णा मामा बोलले. शिवलीलाच्या आईचे भाऊ, जेऊरहून आलेले, फार बोलणारे नाहीत. भाचीवर गेलेत. म्हणाले, "अक्का, प्या. ते पाणी आमच्या उंबऱ्यावरनं आलंय."

विहीणबाईंनी विचारलं, "म्हणजे?"

"आमचं गाव उजनीत गेलं. घर, मळा, महादेवाचं देऊळ, समदं त्या पाण्याखाली हाय. शिवलीलाची आई तितंच जन्मली. हितं तुमच्या सोलापूरला नळाला येतं ते आमच्या घरावरनं येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर निघतो. मग हिला फोन करून सांगतो, दिसला गं. औंदा परवाच दिसला."

मी शिवलीलाकडं बघितलं. ती ताटात वाढत होती, मान खाली. कळस, कळस. आणि मी बाईला वर्गणीचं विचारत बसले होते.

विहीणबाईंनी पेला कपाळाला लावला. मग प्यायल्या, सावकाश, सगळा. रिकामा पेला पुढं केला आणि म्हणाल्या, "इन्नोंद स्वल्प." आणखी थोडं. दुसरा पेला प्यायल्यावर धनूकडं बघून म्हणाल्या, "नीर छलो अदाव, चांगलं हाय पाणी. तुझ्या आईला विचारून घे कसं ठेवतात ते. आपल्यात पण ठेवू."

धनूनं दोरी ओढली. पाळणा हलला. पणतूचं नाव सिद्धलिंग ठेवलं.

वरचं सगळं शिवलीलानं एकदाही न थांबता लिहिलं. कळसापाशी मात्र पेन जरा वेळ कागदावर टेकून राहिला. तिथं शाईचा ठिपका पडलाय. तो मला वाचता येतो.

१५ मे

आज लिवायला धनू बसलीया. तिच्या आईला मी मठात ताटं परत द्यायला पाठवली, मुद्दाम. ती असली की तिचं कौतुक मधल्यामधी गिळती. मी एवढं बोलती आनि कागदावर वळी थोड्याच. वाचता येत न्हाय म्हणून काय वळी दिसत न्हाईत व्हय मला? धनूला म्हणलं, मी म्हणती तसंच लिव, हाय तर हाय, न्हाय तर न्हाय.

बारसं झाल्यावर दोन दिवस मी थांबली. मग दुपारी आमी दोघीच शेंगा फोडत बसलो हुतो, तवा इचारलं. "शिवलीला, एवढी वरसं झाली हितं येऊन. सांगितलं का न्हाईस कवा? पयल्याच दिवशी, घागरीला हात लावलास तवा सांगायचं की. माज्या आईचं घर ह्या पाण्याखाली हाय, ओतू नगा. मी ओतलं असतं का?"

शेंगा फोडायची थांबली न्हाय ती. म्हणाली, "नसतं ओतलं तुमी. म्हणून तर न्हाई सांगितलं."

"म्हंजी?"

"सांगितलं असतं तर तुमी माझं मन राखलं असतं आत्या. मला पाणी राखायचं हुतं."

धनू, हे नीट लिव. मोठ्या अक्षरात लिव. मला ह्या घरात सून आणून तीसाच्या आसपास वरसं झाली, आनि ती कोन हाय हे मला परवा कळलं. लोकं भाषण करत्यात, बोर्ड लावत्यात, हिनं आपल्या आईचं बुडालेलं घर गल्लीत कुनाला दावलं न्हाय, कुनाची दया मागितली न्हाय. नुसतं घागरीखाली हात लावून इचारलं, कधी झालं शिळं. त्या एका बोलण्यावर आख्खी गल्ली थांबली. माझ्या जिभेनं थांबली म्हणत्यात, पर जिभंला काम दिलं कुनी?

म्होरल्या आठवड्यात मामा आमाला कळस दावायला नेनार हायत. धनू म्हणती, "आज्जी, उन्हात तुला झेपंल का?" झेपंल. माज्या सुनंचं आजोळ बघायला मी चालत जाईन, रिक्षा मिळाली तर रिक्षानं.

आता आजचं सांगती. आज पाणी आलं. पाईप सांदला एकदाचा. गोजाबाई दारात हुबी ऱ्हायली आनि हाळी दिली, "पाणी आलं गं," आनि तितंच थांबली. म्होरलं तोंडात आलं हुतं, मला दिसलं, पर गिळलं तिनं.

गल्लीत आवाज आला न्हाय. हंडा पालथा झाल्याचा, गटार वाहिल्याचा, कायच न्हाय. नुसता नळाचा. मांजर गटारीत झोपलेलं हुतं ते उठलंबी न्हाय.

आमच्या घरात हंड्यात जुनं थोडं उरलेलं हुतं. शिवलीला नवं घेऊन दारात आली आनि माझ्याकडं बघून थांबली, इचारल्यागत. पाळन्यात सिद्धू हात-पाय हलवत हुता, शेजारी माझी खाट. मी खाटेवरनं हंड्यातल्या जुन्या पाण्याला म्हणलं, "सरक बाबा जरा, पाव्हणा आलाय. दोघं मावता."